मुंबईतल्या बागा, जंगल आणि खाडी: महिना, वार आणि तिथी बघून कसं जायचं

मुंबईत झाडं-पक्षी बघायला निघालेल्या माणसाची फेरी फुकट जाते ती बहुतेक वेळा चुकीच्या वेळेमुळे. बुधवारी राणीच्या बागेचं फाटक बंद असतं. सोमवारी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद असतं. भर ओहोटीला शिवडीच्या जेट्टीवर गेलं तर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दूर चिखलात गुलाबी रेघेसारखे दिसतात, आणि लोक म्हणतात, यंदा पक्षीच आले नाहीत. पक्षी आलेले असतात. म्हणून आधी महिना बघा, मग वार, खाडीवर जायचं असेल तर तिथी, आणि सगळ्यात शेवटी ठिकाण ठरवा.

वारांचं गणित सोपं आहे. राणीची बाग आणि तिच्या आवारालगतचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्हींना बुधवारी सुट्टी. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग बुधवारी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. म्हणजे सणाच्या आठवड्यात गुरुवारी जाणाऱ्याची फसगत व्हायची शक्यता असते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातल्या कान्हेरी लेण्यांना सोमवारी सुट्टी. रविवार सगळीकडेच गर्दीचा. त्या दिवशी जायचंच असेल, तर फाटक उघडायच्या वेळेला पोहोचा.

राणीची बाग: प्राण्यांच्या आधी झाडं

भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरलं की दहा-बारा मिनिटांत चालत पोहोचता येतं. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचं आजचं नाव, पण टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग' हेच सांगा. १८६२ पासून लोकांसाठी खुली असलेली ही बाग पन्नास एकरांहून मोठी आहे. एवढ्या जातींची जुनी झाडं एका जागी मुंबईत दुसरीकडे नाहीत. तरीही बहुतेक लोक पेंग्विन, वाघ आणि पाणघोडा बघून बाहेर पडतात.

लहान मुलं बरोबर असतील, तर फाटक उघडताच आधी पेंग्विन उरकून घ्या. रांग दुपारकडे वाढत जाते. दोन मोठे आणि दोन मुलं असं कुटुंब असेल, तर खिडकीवर कुटुंबाचं एकत्र तिकीट मागा. सुटी चार तिकिटं महाग पडतात.

मग झाडांकडे वळा. खोडांवर नावाच्या पाट्या आहेत, तेव्हा ओळखता येत नाही म्हणून अडायला नको. ही तीन झाडं शोधल्याशिवाय मात्र निघू नका.

उर्वशी. मूळची म्यानमारची. थंडी सरता सरता, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये फुलते. फांद्यांवरून हातभर लांब फुलोरे झुंबरासारखे खाली लोंबतात. लाल पाकळ्या आणि त्यांच्या टोकाशी पिवळा ठिपका. फुलं नसतील तेव्हा नवी पालवी बघा. तांबूस-चॉकलेटी रंगाची कोवळी पानं जोर गेल्यासारखी सरळ खाली लटकतात, आठवड्याभरात हिरवी होतात आणि मग ताठ उभी राहतात. सीता अशोकाची पालवीही अशीच लोंबते, त्यामुळे फुलं नसताना या दोघांत गल्लत होते. फुलांवरून फरक लगेच कळतो: अशोकाचे केशरी-लाल गुच्छ फांदीला चिकटून बसतात, लोंबत नाहीत.

कैलासपती. याची फुलं पानांच्या शेंड्याला शोधू नका, बुंध्याकडे बघा. खोडातून निघालेल्या दोरखंडासारख्या डहाळ्यांवर जाड पाकळ्यांची गुलाबी-पिवळी फुलं लागतात. मधल्या केसरांचा भाग फणा काढल्यासारखा वाकतो आणि त्याखाली पिंडीसारखा आकार दिसतो, म्हणून हे नाव. वास सकाळी तीव्र असतो. तोफगोळ्याएवढी तपकिरी फळं त्याच खोडावर लागतात आणि पिकली की धपकन पडतात. त्यांच्या बरोबर खाली उभं राहून फोटो काढू नये. फुटलेलं फळ घाण वास मारतं, त्याला हात लावला तर वास हाताला राहतो.

गोरखचिंच. मूळची आफ्रिकेची. उन्हाळ्यात पानं झडून गेली की पिंपासारखं खोड आणि वरच्या आखूड फांद्या नीट दिसतात; झाडाचा आकार बघायचा तर हीच वेळ. पावसाच्या तोंडावर पालवी येते आणि त्याच सुमारास मोठी पांढरी फुलं लागतात. ती रात्री उमलतात, त्यामुळे दिवसा फांदीवर क्वचितच ताजं फूल दिसतं. जून-जुलैत बाग उघडताच गेलात, तर झाडाखाली रात्रीची गळलेली फुलं सापडतात. दहा-अकरापर्यंत ती झाडून नेलेली किंवा तपकिरी पडलेली असतात.

संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका. हा घारापुरीचा हत्ती आहे. ज्याच्यामुळे त्या बेटाला परकीयांनी एलिफंटा म्हटलं, तोच. फोर्टातल्या काळा घोडा चौकाला ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो मूळ पुतळाही १९६५ पासून याच बागेत आहे.

रोहित पक्षी: कॅलेंडर हातात घेऊन बेत करा

साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित असतात, आणि पाऊस जवळ आला की निघून जातात. मुलांना न्यायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात चांगले: संख्या भरपूर असते आणि रंगही चढलेला असतो. इथे दोन जाती दिसतात. लहान रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लाल. मोठा रोहित उंच, पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. राखाडी-तपकिरी दिसतात ती पिल्लं. आजारी पक्षी नव्हेत.

पक्षी कुठे असतील हे पाणी ठरवतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी त्यात पसरून चोच उलटी करून शेवाळ गाळत असतात. भरती चढू लागली की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि तेच पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. पाणी पूर्ण भरलं की उडून नेरुळच्या पाणथळींवर विसाव्याला जातात.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघा, शुद्ध असो की वद्य, आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला १५ धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. प्रत्यक्षात बाराच्या आसपास. हीच वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे लागू होते, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खाडीत आत, ऐरोलीकडे, पाणी आणखी थोडं उशिरा चढतं. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं छापील वा ऑनलाइन कोष्टक बघा, पण बेत आखायला पाऊणपट पुरे.

आता शिवडीचं गणित. जेट्टीवरून आपण पूर्वेकडे बघतो, त्यामुळे सकाळी सूर्य डोळ्यांत येतो आणि पक्षी काळे दिसतात. दुपारनंतर ऊन पाठीशी येतं आणि गुलाबी रंग खुलतो. म्हणजे पाणी दुपारी दोन ते पाचमध्ये चढतंय असा दिवस हवा. पंचमी ते अष्टमी हे दिवस त्यात चपखल बसतात. त्यातही अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार वर चढत नाही, चिखल पुरता बुडत नाही, आणि पक्षी जागा सोडून उडून जात नाहीत. आम्ही शिवडीसाठी सप्तमी-अष्टमीच सुचवू. पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी पोहोचा. हार्बर मार्गावर शिवडीला पूर्वेकडे उतरून टॅक्सी करा. रस्ता बंदराच्या ट्रक वाहतुकीचा आहे, लहान मुलांना घेऊन चालत जाऊ नये. आता अटल सेतू इथूनच सुरू होतो.

नेरुळला उलट: तिथे भरतीच हवी, आणि उधाणाची असेल तर उत्तम. चिखल बुडाला की पक्षी डीपीएस शाळेजवळचा डीपीएस तलाव आणि टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत उतरतात. एकादशी-द्वादशीला सकाळी सव्वाआठ-नऊची भरती मिळते, म्हणजे ऊन तापायच्या आत काम होतं. पाणी उतरू लागलं की थव्याने परत खाडीकडे निघतात. ते उडणं बघायला भरतीनंतर तास-दीड तास थांबा. तलावात भरतीचं पाणी येणंच अडलं असेल, तर पक्षी उतरत नाहीत. तसं दिसलं तर टीएस चाणक्यकडे जा.

पाण्यातून बघायचं असेल तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. इथून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोट जाते. २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. बोट भरतीच्या आगेमागेच सुटते, कारण ओहोटीला खाडीत बोटीपुरतं पाणी नसतं. सुट्टीच्या दिवसांच्या जागा लवकर भरतात, आधी आरक्षण करा.

दुर्बीण ८ × ४२ ची पुरते; याहून जास्त शक्तीची हातात हलते. ड्रोन उडवू नका, थवा उठवायला दगड मारू नका. कडेचा चिखल वरून वाळलेला दिसला तरी पाय ठेवू नका. माणूस त्यात मांडीपर्यंत रुततो, आणि भरती चढत असेल तर प्रसंग गंभीर होतो.

राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी

बोरिवली पूर्वेला, स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या पोटात आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने कान्हेरी करावी. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आहेत, आणि इथेच घोळ होतो: लोक उत्साहाने चालत निघतात, वर पोहोचेपर्यंत अकरा वाजतात, खडक तापलेला असतो आणि निम्मी लेणी बघायची राहतात. जाताना उद्यानाची गाडी घ्या, चालायचंच असेल तर येताना उतारावर चाला. लेण्यांचं तिकीट उद्यानाच्या तिकिटापेक्षा वेगळं आहे.

तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी बहुतेक जण थांबतात आणि परततात. व्हरांड्याच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंच उभ्या बुद्धमूर्ती आहेत, त्या बघाच. पण कान्हेरी कळते ती वर गेल्यावर. शंभराहून जास्त लेणी आणि जवळपास प्रत्येकीच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. इथल्या शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. खडकावरचे पन्हळ कुठून कुठे जातात ते बोटाने माग काढत बघा. पावसाचं पाणी डोंगरावरून टाक्यात कसं उतरवलं, हे मुलांना पुस्तकापेक्षा इथे लवकर समजतं. पावसाळ्यात हे पन्हळ प्रत्यक्ष वाहतात, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं. रबरी तळाचे बूट घाला, चप्पल नको.

फेब्रुवारीत गेलात तर निष्पर्ण काटेसावर आणि पांगारा लाल फुललेले असतात. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी अशा झाडावर सकाळी आठ-नऊपर्यंत मधासाठी गर्दी करतात. एका झाडाखाली अर्धा तास थांबलं तर जंगलभर फिरण्यापेक्षा जास्त पक्षी दिसतात. शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय जाता येत नाही. माकडं खाऊची पिशवी ओढतात, म्हणून खाणं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा, हातात नको. हे बिबट्यांचं घर आहे. दिवस मावळायच्या आत बाहेर पडा आणि लहान मुलांना मागे रेंगाळू देऊ नका.

फुलपाखरांसाठी निसर्ग उद्यान, आणि मलबार हिल

धारावी आगारासमोर, मिठी नदीच्या काठी ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ही जागा पूर्वी कचराभूमी होती; आज तिथे दाट रान आहे. फुलपाखरांसाठी सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर. फार पहाटे जाऊन उपयोग नाही. पंख तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत; साडेनऊ ते साडेबारा ही खरी वेळ. खुळखुळ्याचं झुडूप शोधा आणि शांत उभे राहा: ब्लू टायगर, कॉमन क्रो त्याच्यावर थव्याने बसतात, कारण त्यातली रसायनं नरांना लागतात. काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेलं मोठं फुलपाखरू दिसलं, तर ते निलवंत, आपलं राज्य फुलपाखरू.

मलबार हिलचं फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन, १८८१ पासून जलाशयाच्या माथ्यावर आहे. प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आणि समोरच कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, हे मुलांसाठी. मोठ्यांनी जवळचा २०२५ मध्ये खुला झालेला उन्नत निसर्गमार्ग करावा. सुमारे ४८५ मीटरची ही लाकडी वाट झाडांच्या शेंड्यांमधून जाते. तासाला ठरावीक लोकांनाच सोडतात, त्यामुळे जागा ऑनलाइन घेऊन जा. सकाळची पहिली वेळ घ्या, पक्षी तेव्हाच असतात.

पावसाळ्यात समुद्राकाठी जायचं असेल, तर साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका दरवर्षी जाहीर करते, ते आधी बघून घ्या. त्या दिवशी मरिन ड्राइव्हला कठड्यापासून दूर थांबून लाटा बघा. कठड्याखालच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, म्हणजे टेट्रापॉडवर, उतरू नका. ते शेवाळलेले असतात, आणि मध्ये पडलेल्या माणसाला वर काढायला जागा नसते. अक्सा किनाऱ्यावर पावसात घोट्याभर पाण्यातही जाऊ नका. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि पोहता येणाराही आत खेचला जातो. तिथे जीवरक्षक शिट्टी वाजवत असेल, तर लगेच मागे या.