मोठ्या पल्ल्याचा सराव, डोंगर आणि घर : परतल्यानंतरचे तास आधी लिहा

येत्या सहा महिन्यांत मॅरेथॉन, २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी), पूर्ण अंतराची ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे सलग) किंवा अनेक दिवसांचा उंचीवरचा ट्रेक करण्याचे मनात असेल आणि घरात जोडीदार, मुले किंवा थकलेले आईवडील असतील, तर सरावाचा तक्ता हाती घेण्यापूर्वी पुढील तयारी करून ठेवावी. बूट, बाटल्या, घड्याळ यांविषयी येथे काही लिहीत नाही. त्यांची आठवण कोणालाच करून द्यावी लागत नाही. गेल्या मोसमात माझ्या तयारीतून राहून गेले ते परतल्यानंतरचे तास. पहाटे निघायची वेळ घरात ठरलेली होती, सरावाचे तासही ठरलेले होते. परंतु घरात पाऊल ठेवल्यापासून पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू लागेपर्यंतचा काळ कुठेच लिहिलेला नव्हता आणि त्याचा सगळा भार न विचारता दुसऱ्यावर पडत राहिला. म्हणून यादीची सुरुवात तेथूनच करावी.

सर्वांना दिसेल अशी एकच दिनदर्शिका असावी. तिच्यात सर्वप्रथम न हलणाऱ्या गोष्टी लिहाव्यात : मुलांच्या परीक्षा, दवाखान्याच्या तारखा, जोडीदाराचे कामाचे दौरे आणि जोडीदाराचा स्वतःचा मोकळा वेळ. ‘तुला हवा तेव्हा घे’ असे सांगितलेला वेळ कधीच मिळत नाही, कारण त्याला ना वार असतो ना तास. तो आधी लिहिला गेला तरच टिकतो. त्यानंतर सराव लिहावा आणि प्रत्येक मोठ्या सरावापुढे तीन आकडे मांडावेत : आधीची तयारी व जाणेयेणे, प्रत्यक्ष सराव आणि परतल्यानंतरचे तास. तीन तासांच्या लाँग रनसाठी तयारीत आणि जाण्यायेण्यात एक तास, तसेच परतल्यावर आंघोळ, खाणे आणि पाठ टेकणे यांत दोन तास जात असतील, तर तो सराव सहा तासांचा आहे. घरी सहा तासच सांगावेत. तीन सांगून सहा घेतले की पुढच्या आठवड्यापासून आपल्या कोणत्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तो विश्वास परत मिळवायला एक मोसम पुरत नाही.

हे तास आळसाचे नसतात, ते शरीराला लागतातच, आणि म्हणूनच ते लपवू नयेत. लांब पल्ल्यात स्नायूंमधील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, मोठ्या प्रमाणात संपते आणि नीट खाल्ले तरी ते भरून यायला साधारण एक दिवस लागतो. उतारावर खूप धावणे झाले असेल, तर मांड्यांचे दुखणे त्याच दिवशी पुरते कळत नाही; ते २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त जाणवते. म्हणजे रविवारच्या सरावाचा हिशेब सोमवारी आणि मंगळवारी चुकता करावा लागतो, नेमक्या त्याच दिवशी मुलाला उचलून जिना चढायचा असतो. रविवारी असा सराव असेल, तर पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीची जड कामे कोण करणार हे शनिवारीच ठरवा. परतल्यावर लागणारे खाणे निघण्यापूर्वी स्वतः तयार करून ठेवा, कपडे स्वतः धुवायला टाका आणि झोपायचे असेल तर किती वाजेपर्यंत, ते सांगून झोपा. खोलीचे दार लावून नाहीसे होणे घरच्यांना सर्वांत जास्त खुपते.

ध्येय निवडताना स्पर्धेच्या वेळेकडे पाहण्यापेक्षा तिच्या मागेपुढे जाणाऱ्या वेळेकडे पाहावे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तासांची मर्यादा असते. दुसरीत एक किंवा दोन रात्री जातात आणि झोपेची ती तूट नंतर घरातच भरून काढावी लागते. पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावणे असते, म्हणजे एका मोसमात तीन खेळांचा सराव. घरात तान्हे बाळ असेल आणि रात्रीची झोप आधीच तुटक असेल, तर या वर्षी अर्धी मॅरेथॉन पुरे. बाळंतपणानंतर स्वतः धावायला सुरुवात करायची असेल, तर २०१९ मध्ये ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी मांडलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिले १२ आठवडे थांबावे आणि त्यानंतरही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी करून घेतल्याखेरीज वेग वाढवू नये. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा कुटुंबात कमी वयात हृदयविकार असणे, यांपैकी काहीही असल्यास नोंदणीपूर्वी डॉक्टरांना भेटावे. ते अंगावर काढू नये.

सरावाची तीव्रता हा विषय घराबाहेरचा वाटतो, पण तो पूर्णपणे घरातला आहे. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून दाखवले, की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे हलकी असतात. ज्यांच्याकडे आठवड्याला पाच-सहा तासच आहेत, ते मात्र प्रत्येक सत्र मध्यम-जोरात करतात, कारण वेळ कमी असल्याने तो वसूल झाला पाहिजे असे त्यांना वाटते. परिणामी ते रोज अर्धवट दमून, चिडचिडे होऊन घरी येतात आणि शनिवारच्या खऱ्या जोराच्या सत्राला ताकद उरत नाही. पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्याच वेगाने हलके सत्र करावे. अशा सत्रानंतर परतल्यानंतरचे तास जवळपास शून्यावर येतात. अंघोळ केली की माणूस घराला मिळतो. आठवड्यातील बहुतेक सकाळी याच पद्धतीने गेल्या, तर घर आणि सराव यांत ओढाताण उरते ती एका-दोन दिवसांपुरतीच.

मुलाला ताप आला, तर सत्र सोडून द्यावे आणि ते दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. चार-पाच दिवसांच्या खंडाने दमसास ढळत नाही. तो लक्षणीय घटू लागायला साधारण दोन आठवड्यांहून अधिक खंड पडावा लागतो. ज्या तक्त्यात एकही सत्र चुकवायला जागा नाही, तो तक्ता घर असलेल्या माणसासाठी बनवलेलाच नाही, मग तो कोणीही दिलेला असो.

कुटुंबासोबतची डोंगरयात्रा हा सराव मानू नये. हा मोह फार मोठा असतो, आणि त्यात मुलांचा डोंगर कायमचा सुटतो. ट्रेकचा वेळ काढण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरतात : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशेब न थांबणाऱ्या धडधाकट प्रौढांचा आहे. लहान मुले बरोबर असतील, तर तो निदान दुप्पट धरावा आणि परतण्याची वेळ त्यावरून ठरवावी. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसलेले मूल हालचाल करत नसल्याने, त्याला वाहणारा घामाघूम असतानाही गारठू शकते. त्याचे हातपाय आणि मान दर थोड्या वेळाने हाताने तपासावी. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. लहान मुलाला ‘डोके दुखते’ असे सांगता येत नाही. खाणे नाकारणे, किरकिर, झोप न लागणे हीच त्याच्यातील उंचीच्या त्रासाची लक्षणे असू शकतात, आणि ती वाढू लागली तर खाली उतरावे. शिखर राहिले म्हणून वाद घालू नये. या यात्रेलाही परतल्यानंतरचे तास असतात : तंबू वाळवणे, चिखलाचे बूट, कपड्यांचा ढीग, दमलेल्या मुलांची दुसऱ्या दिवशीची शाळा. ज्याने यात्रेचा बेत काढला, त्यानेच हे तास आपल्या नावावर लिहावेत.

एकट्याने जायचे असेल, तर मार्ग कागदावर लिहून घरी ठेवावा आणि त्याखाली दोन वेळा लिहाव्यात : परतण्याची अपेक्षित वेळ आणि जिच्यानंतर घरच्यांनी मदत मागवायची ती वेळ, मदतीच्या क्रमांकासह. दोन्हींत फरक असावा, नाहीतर घरचे माणूस अर्धा तास उशीर झाला तरी जीव मुठीत धरून बसते. फोनवरून ठिकाण कळत राहील या भरवशावर राहू नये. दरीत नेटवर्क नसते. शिट्टी जवळ ठेवावी. डोंगरातील मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत म्हणजे एका मिनिटात सहा वेळा आवाज किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. हे मुलांनाही शिकवावे. विजांचा गडगडाट ऐकू आला, तर आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तेथून हलू नये.

टेपरबद्दल, म्हणजे स्पर्धेपूर्वी सराव कमी करण्याबद्दल, थोडक्यात : शेवटचे दोन ते तीन आठवडे अंतर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करावे, वेग राखावा. मोकळे झालेले तास घराचे आहेत, सामान पुन्हापुन्हा मांडण्याचे नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी घरचे येणार असतील, तर कुठे उभे राहायचे आणि किती ते किती वाजेपर्यंत, हे लिहून द्यावे. तहानेप्रमाणे पाणी प्यावे. बळेच जास्त प्यायल्याने रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रात्रभराच्या स्पर्धेनंतर स्वतः गाडी चालवत घरी येऊ नये, कोणत्याही कारणाने नाही. चालक आधी ठरवा. हाही परतल्यानंतरच्या तासांचाच भाग आहे.

नंतर : दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकलेली असावी, त्यातली सकाळ झोपेसाठी आणि दुपार मुलांसाठी. जोडीदाराचे राहिलेले मोकळे तास त्याच आठवड्यात द्यावेत. पुढची नोंदणी दोन आठवड्यांनंतर, दिनदर्शिका समोर घेऊन, सगळे हजर असताना करावी.