जुनी फॅमिली एसयूव्ही घेताना इंजिन कसं निवडावं

जुनी एसयूव्ही घेताना बहुतेक जण आधी गाडी पसंत करतात आणि तिच्यात जे इंजिन असेल ते चालवून घेतात. हा क्रम उलटा हवा. आधी आपलं रनिंग बघा. रोज किती किलोमीटर होतात आणि एकेक फेरी किती लांबीची असते, हे आठवडाभर लिहून ठेवा. यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा.

कारण आहे डीपीएफ. अलीकडच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा हा फिल्टर असतो. साठलेली काजळी तो साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून टाकतो. शाळा, ऑफिस, बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत एक्झॉस्ट तेवढा तापतच नाही. मग फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पिकअप पडतो. काजळी जाळण्याचं काम असं पुन्हापुन्हा अर्धवट राहिलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघाच. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी छोट्या फेऱ्यांतच वापरलेली असण्याची शक्यता मोठी. भरलेली गाडी घेऊन नेहमी लांब जाणार असाल तर मात्र डिझेलचा टॉर्क (ओढण्याची ताकद) आणि मायलेज दोन्ही कामाला येतात.

शहरातल्या वापराला पेट्रोल बरं. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेलं इंजिन सात माणसं आणि सामान घेऊन चढावर दमतं, पण त्यात बिघडण्यासारखं कमी असतं. टर्बो पेट्रोल जोमदार असतं. फक्त टर्बोचं बेअरिंग इंजिन ऑइलवरच जगतं, त्यामुळे ऑइल वेळेवर बदलल्याच्या नोंदी नसतील तर ती गाडी मी तरी घेणार नाही. थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिड, म्हणजे इंजिनच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी, सगळ्यात किफायतशीर. बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे आणि ती नव्या मालकाला मिळते का, हे लेखी घ्या.

इंजिन ठरलं की गाडी बघायला जा, आणि ती आधी सुरू करू नका असं विकणाऱ्याला सांगून ठेवा. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर पुन्हा या. थंड इंजिन सुरू करताना दुसऱ्या कुणाला तरी मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनच्या आत जात असावं.

इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा पट्टा) असेल तर तो शेवटचा कधी बदलला, याची पावती मागा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे चारही टायर सारखेच झिजलेले हवेत. घरच्यांना तिसऱ्या रांगेतही बसवून बघा, आणि मुलांची चाइल्ड सीट प्रत्यक्ष लावून बघा.

शेवटी आपल्या मेकॅनिककडून गाडीच्या कॉम्प्युटरचं स्कॅन करून घ्या. नुसतं ‘एरर नाही’ यावर थांबू नका. एरर कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या बऱ्याच सेल्फ-टेस्ट अपूर्ण दिसतात. तसं दिसलं तर काही दिवस गाडी चालवून पुन्हा स्कॅन करू द्या म्हणावं, आणि विकणारा तयार नसेल तर टोकन देऊ नका.