बहुवर्षायू फुलझाडांची बाग आखताना या चुका टाळा

डिसेंबरात रोपवाटिकेत गेलं की सगळंच फुललेलं दिसतं आणि फुलं बघूनच खरेदी होते. त्यातली पिटुनिया, फ्लॉक्स ही हंगामी मंडळी उन्हाळा लागताच संपतात आणि वाफा उघडा पडतो. आधी जास्वंद, मोगरा, तगर, अनंत यांच्या जागा ठरवा. हंगामी फुलं उरलेल्या फटींत लावा.

सर्वांत महागात पडणारी चूक उन्हाच्या अंदाजाची. थंडीत पाहून ‘इथे सावली असते’ असं ठरवू नका. पुण्यात डिसेंबरात भर दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला, जेमतेम ४८ अंशांवर असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेचा वाफा दिवसभर सावलीत राहतो. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत दुपारी थोडा उत्तरेलाच असतो. सावलीची जागा म्हणून तिथे लावलेले नेचे मग ऐन मे महिन्यात करपतात, आणि आपण पाणी कमी पडलं असं समजून पाणी वाढवत बसतो. जागा मे महिन्यात एकदा पाहावीच.

पाण्याची आवड जुळत नसेल तर शेजार जुळत नाही. सोनटक्का आणि कर्दळ यांना ओल हवी. बोगनवेलीला भरपूर पाणी आणि शेणखत दिलं की नुसती पानं माजतात. तिला मुळं सुकेपर्यंत तहानू द्या, रंग येतो. काळ्या मातीत निशिगंधाचे कंद पावसाळ्यात कुजतात, म्हणून वाफा वीतभर उंच करा.

रोप पिशवीत हातभर असतं, पण जास्वंद सहा-सात फुटांचं झुडूप होते. दोन झुडपांत निदान चार फूट सोडा. दाटीत वारा खेळत नाही आणि पिठ्या ढेकूण ठाण मांडतो.

मोगरा फुलत नसेल तर जानेवारीत पाणी तोडून छाटणी करा, मग खत-पाणी द्या. कळ्या नव्या फुटव्यांवरच येतात. शेवंतीचं दुखणं वेगळंच. तिला कळ्या धरायला लांब, अखंड अंधार लागतो. अंगणातला दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल, तर खत बदलण्याआधी तो दिवा बंद करा किंवा कुंडी हलवा.