गॅदरिंग, कार्यानुभव आणि पेटी-तबला: सीमाभागातल्या हायस्कुलासाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी तारीख. दसऱ्याची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की पहिल्याच शिक्षक बैठकीत कॅलेंडर उघडा आणि आधी नको असलेल्या तारखा खोडून टाका. दहावीची पूर्वपरीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत लागते, तिच्या आदल्या आठवड्यात काहीही ठेवू नका. पौष आणि माघ पौर्णिमेला निम्मी घरं सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर असतात. हिवाळ्यातल्या रविवारी कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथे आपल्याच शाळेची मुलं ग्रंथदिंडीत लेझीम घेऊन असतात. निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात असतो. तोडणीवर असलेल्या आईबापांना भर दिवसा बोलावून उपयोग नाही, आणि रात्री उशिरा मुलांना उसाच्या ट्रॉल्यांमधून सायकलवर घरी पाठवणंही नको. एवढं खोडून जी तारीख उरेल तिला घट्ट धरा. जांबोटी-कणकुंबीकडची मुलं असतील तर कार्यक्रमाची वेळ शेवटच्या बसवरून मागे मोजत ठरवा.

तारखेनंतर लगेच मंडपवाल्याला फोन करायची सवय आहे, ती या वर्षी थोडी लांबवा. आधी नववीचा कार्यानुभव हाती घ्या. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच आहे की गॅदरिंगला जे जे लागतं, त्यातलं जमेल तेवढं मुलांनी वर्षभरात शिकून स्वतः करावं. पडदा, निमंत्रणपत्रिका, दिवे, पाहुण्यांना द्यायची भेट, सगळं. कार्यानुभवाचा तास म्हणजे रिकामा तास, असं ज्या शाळेत झालंय तिथली मुलं गॅदरिंगच्या दिवशी नुसती प्रेक्षक होतात. कोठारी आयोगाने 1964–66 मध्येच कार्यानुभवाला शिक्षणाचा भाग म्हटलं होतं, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तर बाजूला ठेवून गावातल्या कारागिरांकडे शिकावं असं सुचवलंय. आपल्याकडे त्यासाठी लांब जावं लागत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉप आहेत, वडगाव-शहापुरात माग आहेत, खानापूरकडे मातीकाम आहे. गावागावांत शिंपी, सुतार, वायरमन, छापखाना, रोपवाटिका, मंडप-साऊंडवाला आहेतच.

कोणती मुलं कुणाकडे शिकायला जाणार ते ठरलं की चार कागद हवेत: मुख्याध्यापकांचं पत्र, मालकाचा लेखी होकार, पालकांची संमती आणि रोज कोणता शिक्षक कुठे चक्कर मारेल त्याचा तक्ता. पत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत काढा, कारण कारखान्याचा मालक मराठी आणि सुपरवायझर कन्नड, असंही असतं. एका ठिकाणी चारपेक्षा जास्त मुलं पाठवू नका, पाचवं मूल कोपऱ्यात उभं राहतं. दहावीला यातून पूर्ण मोकळं ठेवा.

इथे जरा थांबून सांगायला हवं. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावायला कायद्याने बंदी आहे आणि फाउंड्री त्या धोक्याच्या यादीत आहे. बेळगावात फाउंड्री पुष्कळ, मुलांना वितळलेलं लोखंड बघायचं कुतूहलही मोठं. दाखवायचंच असेल तर शिक्षकांसोबत, भट्टीपासून लांबून, एकदाच. फिरत्या यंत्रावर हात नको. मुलींची ओढणी, मुलांच्या हातातले दोरे आधीच काढून ठेवायला सांगा. नववीत काही मुलांना 14 वर्षं पुरी नसतात, जन्मतारखा तपासा आणि त्यांचं काम पाहण्या-विचारण्यापुरतं ठेवा. तंबाखूच्या वखारीत मुलं पाठवायचीच नाहीत, मालक कितीही ओळखीचा असो.

मुलांच्या वहीत रोज एक पान लिहून घ्या: आज काय पाहिलं, कोणतं हत्यार हाती धरलं, त्याला तिथली माणसं मराठीत काय म्हणतात आणि कन्नडमध्ये काय, मिस्त्रीने कोणती गोष्ट दोनदा सांगितली. वही तपासताना शुद्धलेखनाचे लाल गोळे काढू नका. याच वह्यांतली निवडक पानं गॅदरिंगच्या दिवशी प्रदर्शनात लावायची आहेत.

परत आल्यावर कामाची वाटणी आपोआप सुचते. शिंप्याकडे गेलेली मुलं रंगमंचाचा पडदा शिवतील, कापड वडगावच्या मागवाल्याकडून स्वस्तात मिळतं का बघा. छापखान्यातली मुलं निमंत्रणपत्रिका जुळवतील, नावं तपासतील. मातीकाम शिकलेली मुलं कुंड्या करतील, रोपवाटिकेतली त्यांत तुळस लावतील. पाहुण्यांना शालीऐवजी हीच भेट द्या. वायरमनकडे गेलेल्या मुलांनी दिव्यांचा आराखडा कागदावर काढावा, प्रत्यक्ष जोडणी मात्र परवाना असलेल्या वायरमननेच करावी. वीज बंद राहण्याची सूचना आहे का ते हेस्कॉमच्या ऑफिसात आधी विचारून ठेवा आणि जनरेटर सांगून ठेवा.

आता संगीत. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि नेमका यालाच सगळ्यात कमी दिला जातो. पेन ड्राइव्हवरचं गाणं लावून नाच बसवणं सोपं असतं, पण त्यात मुलांचा गळा आणि हात कुठेच येत नाही. निदान निम्मा कार्यक्रम मुलांनी स्वतः गाऊन-वाजवून करावा. या मातीत ते जड जाऊ नये. सुळेभावीत 8 एप्रिल 1924 ला जन्मलेला शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा पुढे कुमार गंधर्व झाला, बेळगावच्या रंगमंदिराला त्यांचंच नाव आहे. सुळेभावी बेळगाव तालुक्यातलंच गाव आहे, हे मुलांना तालमीच्या पहिल्या दिवशी सांगा.

नोव्हेंबरातच पेटी उघडून बघा. भात्यातून हवा जात असेल, एखादा सूर अडकत असेल, तर लगेच दुरुस्तीला टाका. अथणी-कागवाडकडच्या शाळांना मिरज जवळ पडतं. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पेटी दुरुस्तीला जाल तेव्हा दोन मुलं बरोबर घेऊन जा म्हणजे तंबोरा घडताना दिसेल. गटातल्या कुणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या असतील तर त्यांची यादी करा, स्वर धरून ठेवायला तीच मुलं कामी येतात. भजनी मंडळात पखवाज किंवा टाळ वाजवणारी मुलं शाळेत सांगत नाहीत, त्यांना मुद्दाम विचारा.

पट्टी, म्हणजे गाणं पेटीच्या कोणत्या सुरावरून गायचं ते, ठरवणं हे खरं शिक्षकाचं कसब. आठवी-नववीतल्या मुलांचे आवाज फुटत असतात. मुलींना काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) सोयीची होते तिथे या मुलांचा गळा वर पोचत नाही आणि खालीही बसत नाही. मग ती ओठ हलवत उभी राहतात आणि आपल्याला गाता येत नाही असं कायमचं धरून बसतात. त्यांच्यासाठी काळी एकमधलं वेगळं गाणं निवडा, किंवा त्याच गाण्यातलं एखादं कडवं त्यांच्या पट्टीत द्या. तेही जमत नसेल तर हलगी, झांज, लेझीम त्यांच्या हाती द्या. पण मागच्या रांगेत गप्प उभं करू नका. तबला कोणत्या सुराचा आहे ते बघूनच पट्टी पक्की करा, आयत्या वेळी हातोडी घेऊन बसायची वेळ येऊ नये. जानेवारीत उघड्या पटांगणावर सातनंतर दव पडतं, तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून सूर उतरतो. तबला कापडात गुंडाळून आत ठेवा आणि गाण्याच्या आधी बाहेर काढा.

गाण्यांची निवड करताना एक अभंग, एक बसवेश्वरांचं वचन आणि एक गावातलं पारंपरिक गाणं एवढं असावंच, असं माझं ठाम मत आहे. वचनाचे उच्चार कन्नडच्या शिक्षकांकडून पक्के करून घ्या, चुकीच्या उच्चाराने म्हणण्यापेक्षा न म्हटलेलं बरं. ओव्या आणि फुगड्यांची गाणी मुलांना आज्जीकडून लिहून आणायला सांगा. नाडगीताची, म्हणजे कर्नाटकाच्या राज्यगीताची, तालीम वेगळी घ्या. त्याची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी सरकारने 2022 मध्ये ठरवून दिलाय, घड्याळ लावून बसवा. सिनेमातली गाणी घेतलीत तरी विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरत्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं किंवा कार्यक्रम इंटरनेटवर टाकला तर मात्र ती सूट गृहीत धरू नका.

स्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज आठवडाभर आधी द्या. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर बंद हा नियम आहे, म्हणून बक्षीस वितरण शेवटी ठेवून ताणू नका, ते सुरुवातीलाच उरका. साऊंडवाल्याला नेमकं सांगा: समूहगीताला दोन उभे माइक, पेटीला एक, तबल्याला एक खाली, आणि मुलांच्या दिशेने तोंड केलेला एक छोटा स्पीकर. तो नसेल तर मुलांना स्वतःचंच ऐकू येत नाही आणि ताल धावतो.

पाहुणे एकच बोलवा. निमंत्रण द्यायला एसडीएमसीचे (शाळा विकास आणि देखरेख समितीचे) सदस्य आणि ज्यांच्याकडे मुलं शिकली ते मिस्त्री, शिंपी, कुंभार यांच्या घरी शिक्षक आणि मुलं मिळून जा. या कारागिरांना पहिल्या रांगेत बसवा आणि सत्कार त्यांचा करा. चहा, उप्पीट आणि थोडा कुंदा पुरे.

दहावीचा निरोप समारंभ याच्यात मिसळू नका, तो वेगळ्या दिवशी, शाळेच्या वेळात. वर्गणी काढायचीच असेल तर आकडा वर्गशिक्षकांनी ठरवावा. सर्वांत कमी पैसे असलेल्या घराला परवडेल तोच आकडा. नववीच्या मुलांनी शिवलेली कापडी पिशवी आणि वर्गाचा एक फोटो, एवढी भेट प्रत्येकाला सारखी मिळाली पाहिजे. हॉलतिकिटावरचं नाव, जन्मतारीख, विषय त्याच दिवशी मुलांकडून वाचून घ्या. पहिल्या भाषेला सगळ्यात जास्त, 125 गुण असतात, त्यामुळे मराठीचा शेवटचा सराव याच आठवड्यात उरकलेला असावा.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी पहिला तास हिशेबाचा. जमा-खर्च फळ्यावर लिहा, बिलं फाइलला लावा. भाड्याची वाद्यं मोजून परत करा, शाळेची पेटी पुसून खोक्यात ठेवा, पडदा धुऊन कपाटात. मग प्रदर्शनातल्या वह्या मुलांना परत द्या आणि आभाराची पत्रं त्यांच्याच हातांनी कारागिरांकडे पाठवा. त्याच भेटीत आठवीच्या मुलांची ओळख करून देऊन पुढच्या वर्षीचा होकार घेऊन या.