ढेकणांची फवारणी करताय? आधी तसबिरी उतरवा

भिंतीवरच्या तसबिरी आधी उतरवा. बाकीचं पुढे सांगते, पण हे पहिलं, कारण गेल्या मे महिन्यात मी नेमकं तेवढंच केलं नाही.

गिरगावात जुन्या चाळीत आमच्या दोन खोल्या. पलंग खोलला, गाद्या गॅलरीत काढल्या, कपाटं रिकामी केली, १५ दिवसांनी दुसरी फवारणीही करून घेतली. त्यानंतर तीन आठवडे झाले नाहीत तोच सासूबाईंच्या दंडावर ओळीने चार गांधी उठल्या. मी म्हटलं डास असतील. डास अशी रांग लावून चावत नाहीत. शेवटी पलंगावरच्या भिंतीवरची आजेसासऱ्यांची तसबीर काढून उलटी केली, तर मागच्या प्लायवर, कडेच्या कागदी पट्टीखाली आख्खं गाव वसलेलं. फवारणीवाल्या मुलाने विचारलं होतं, ‘ताई, फोटो काढू का?’ मीच म्हणाले, ‘राहू दे, हार आहे त्याला.’ म्हातारे मुंगीलाही दुखवायचे नाहीत म्हणे. ढेकणांनाही त्यांनी आसरा दिला, तोही मरणोत्तर.

तर तयारी आठेक दिवस आधी सुरू करा. पहिल्यांदा ढेकूणच आहेत ना याची खात्री. गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यांत काळे ठिपके बघा, शाईचं पेन टेकवल्यासारखे. ओल्या बोळ्याने पुसले की तपकिरी पसरतात. शेजारी फिकट काती सापडतील, तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी चिकटलेली दिसतील. झुरळांची जेल उरली आहे म्हणून तीच टोचून बघू, हा विचार सोडा. ढेकूण रक्ताशिवाय काही खात नाही, तुमच्या जेलकडे तो ढुंकूनही बघणार नाही.

फवारणीवाल्याला परवाना विचारा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तो लागतो, आणि विचारल्यावर समोरचा चिडला तर दुसरा बघा. पैसे दोन फेऱ्यांचे ठरवा, एका फेरीचे नाही. औषधाने अंडी भरवशाने मरत नाहीत, आणि मुंबईच्या उकाड्यात ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात. दुसरी फेरी त्या पिल्लांसाठी असते, तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून टाका. (ते कॅलेंडरही भिंतीवरच आहे ना? तेही उतरवायचंय.)

कोणी ‘धान्यातल्या गोळ्या ठेवा, एका रात्रीत साफ’ असं सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हवेतला दमटपणा लागला की फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. असल्या गोळ्यांनी घरंच्या घरं झोपेत गेली आहेत, शेजारच्या खोलीतलीसुद्धा. आणि पलंगाच्या सांध्यात रॉकेल सोडायची आज्यांची पद्धत लाकडी जिन्याच्या, लाकडी तुळयांच्या इमारतीत कशाला, हे मी सांगायला नको.

मग शेजारी. हे अवघड आहे, कारण लाज वाटते. ढेकूण झाले म्हणजे घर घाणेरडं, असं अजून सगळ्यांना वाटतं. ढेकूण येतो गाडीत सीटखाली सरकवलेल्या बॅगेतून, पाहुण्याच्या वळकटीतून, स्वस्तात मिळाला म्हणून आणलेल्या जुन्या पलंगातून. रोज तीनदा केर काढणाऱ्याकडेही येतो. चाळीत दोन खोल्यांमधली भिंत सामाईक, वायरच्या पट्ट्या या खोलीतून त्या खोलीत गेलेल्या. तुम्ही एकट्याने फवारलंत तर ते पलीकडे हवापालट करून परत येतील. दोन्ही बाजूंना, आणि खालीवर, सरळ जाऊन सांगा. मी सांगितलं तेव्हा डावीकडच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, आमच्याकडे दिवाळीपासून आहेत.’ दिवाळीपासून! आणि रोज गॅलरीत शेजारी शेजारी उभ्या राहून आम्ही कढीपत्ता निवडत होतो.

कपडे आणि अंथरुणं: जे उकळत्या किंवा कडक गरम पाण्यात चालतं ते त्यात धुवा, नाहीतर कडक इस्त्री फिरवा, शिवणींवरून जास्त. ५० अंशांच्या वर ढेकूणही टिकत नाही आणि अंडंही. धुतलेलं लगेच पिशवीत घालून तोंड बांधा. पिशवी त्याच खोलीत ठेवा, बहिणीकडे नेऊन ठेवू नका, तिने तुमचं काय वाकडं केलंय? गादी उन्हात टाकण्याबद्दल: टाका, मनाला बरं वाटतं. पण ऊन वरच्या थराला लागतं, ढेकूण आत किंवा खालच्या सावलीत सरकतो. गादी फारच बरबटली असेल तर पिंजून घेण्याच्या फंदात न पडता टाकून द्या, आणि टाकताना फाडून टाका. नाहीतर जिन्याखालून कोणीतरी उचलून वरच्या मजल्यावर नेईल आणि महिन्याभरात ती वस्ती तुमच्याकडे परत.

आता पुन्हा तसबिरी. देवाच्या, पूर्वजांच्या, लग्नाच्या, मुलाच्या स्कॉलरशिपच्या, सगळ्या. ‘पलंगापासून लांब आहे’ वाल्यासुद्धा. एटीएम कार्डाची कड जाईल तेवढी फट उपाशी ढेकणाला पुरते, आणि जुन्या तसबिरीची पाठ म्हणजे नुसत्या फटी. जमिनीवर पांढरी चादर पसरा, तसबीर त्यावर उलटी ठेवा, मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, पक्कडने काढा, प्लाय किंवा पुठ्ठा सुटा करा. पुठ्ठा पिशवीत बांधून टाकून द्या, नवा १०-२० रुपयांत येतो. काच धुवा. लाकडी चौकटीच्या खाचेत चांगलं गरम पाणी ओता आणि वाळवा. फोटोवर औषध मारू देऊ नका, डाग पडतो. मऊ ब्रशने दोन्ही बाजू झटकून तो वेगळ्या पाकिटात ठेवा. चंदनाचा हारही झटका. अपमान वगैरे होत नाही. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता, मग सासूबाईंनीच दत्तगुरूंची तसबीर काढून माझ्या हातात दिली.

आणि खिळा! तसबीर काढली, खिळा राहिला, तर अर्धंच काम झालं. खिळ्याभोवती चुन्याचा गिलावा सुटलेला असतो, त्या भोकात टॉर्च मारून बघा. खिळा उपसून काढा, भोक उघडं ठेवा. आत्ता पुट्टी भरू नका. आतले न खाता काही महिने काढू शकतात, आधी औषध आत जाऊ दे.

आदल्या रात्री पलंग खोला आणि स्क्रूची भोकं मोकळी ठेवा. पलंगाचं डोकं भिंतीपासून ओढा, पडद्यांच्या दांड्या काढा. पोटमाळ्यावरच्या वळकट्या विसरू नका, पाहुण्यांसाठीच्या म्हणून वर टाकलेल्या. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे. स्वयंपाकघराचं तुम्हाला कळतंच, झाकायचं ते झाका.

फवारणीच्या दिवशी लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, दमेकरी, पोपट-मासे, सगळे बाहेर. वायरच्या लाकडी पट्ट्या आणि स्विचबोर्ड दाखवून द्या. तिथे मेन बंद करून भुकटी मारायला सांगा, ओलं औषध नाही. तसबिरींच्या मोकळ्या जागा बोटाने एकेक दाखवा: इथे, इथे, आणि त्या घड्याळामागे. तो ‘हो हो’ म्हणेल. तरी दाखवा. नंतर ३-४ तास घर बंद, मग खिडक्या उघडून पंखे.

रात्री घरीच झोपा. रिकाम्या घरात ढेकूण बाहेर येत नाही, आणि बाहेर आलाच नाही तर औषधावरून चालणार कसा? पलंगाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, गादी भिंतीला टेकू देऊ नका. जमीन मधून पुसा, कडा दुसऱ्या फेरीपर्यंत पुसू नका. आठवडाभर एखाददुसरा दिसेल, चावेलही. घाबरून बाजारातला स्प्रे मारत सुटू नका, नुसते पांगतात.

दुसरी फेरी: सगळं परत. हो, पलंग परत खोलायचा.

त्यानंतर भोकांत आणि भेगांत पुट्टी, आणि आणखी आठ दिवस काही दिसलं नाही तर नव्या पुठ्ठ्यावर कडेने चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून तसबिरी वर. आजेसासरे सध्या कपाटात पाकिटात आहेत. ते पलंगासमोरच्या भिंतीवर जाणार, पलंगावरच्या नाही.