मोर्चा दाराशी आला की कुलगुरूंनी काय करावं

मोर्चा फाटकाशी आल्याचा निरोप मिळाला की कुलगुरूंनी आधी खुर्चीतून उठावं आणि जिना उतरून पोर्चमध्ये यावं. बाकीचं सगळं त्यानंतर. विद्यापीठातल्या 31 वर्षांच्या नोकरीत मी सात कुलगुरू पाहिले, शेवटची काही वर्षं उपकुलसचिव म्हणून त्यांच्या दालनाशेजारीच बसले. म्हणून हे इतक्या ठामपणे लिहिते आहे.

"फक्त पाच जणांना वर पाठवा" हा निरोप घेऊन मी कितीदा खाली गेले असेन! पाच जण वर येतात, उरलेले दीडशे उन्हात तिष्ठत राहतात. मग वर काहीही ठरलं तरी खाली त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बोलणी पाच जणांशीच करा, पण आधी सगळ्यांसमोर उभे राहा.

एका सप्टेंबरात बी.ए.च्या कितीतरी मुलांना गुणपत्रिकेत गैरहजर दाखवलं होतं. मोर्चा आला. साहेब "मीटिंगमध्ये" होते, तीन तास. संध्याकाळी परीक्षा विभागाच्या काचा फुटल्या. पुढची दोन वर्षं ते साहेब मागच्या दारानं ये-जा करत राहिले.

नंतरच्या कुलगुरू मॅडमसमोर तीच तक्रार आली, तेव्हा त्या पायरीवर बसल्या. एका मुलीनं पिशवीतून गुणपत्रिका काढली. पावसानं तिची घडी चिकटली होती, मॅडमनी ती हलक्या हातानं सोडवली. बैठक क्रमांक वाचून मला म्हणाल्या, "या केंद्राचा हजेरीपट आणा." अर्ध्या तासात कागद आला. त्यावर मुलीची सही होती, पर्यवेक्षकाचीही होती. मॅडम उभ्या राहून सगळ्यांना म्हणाल्या, "चूक आमची आहे." त्या दिवशी घोषणा तिथेच थांबल्या.

निवेदन हातात घेतल्यावर तिथेच पूर्ण वाचा आणि आवक क्रमांक टाकून प्रत परत द्या. मागण्या तीन ढिगांत लावा. आज होणाऱ्या, तारीख देऊन होणाऱ्या आणि शासनाच्या हातातल्या. तिसऱ्या ढिगाबद्दल "बघतो, करतो" मुळीच म्हणू नका. ते आपल्या हातात नाही हे मुलांना सरळ सांगा आणि शासनाला पत्र पाठवून त्याची प्रत त्यांना द्या. पहिल्या ढिगासाठी परिषदेच्या बैठकीची वाट पाहायचं कारण नाही. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातलं कलम 12(7) नीट वाचून ठेवा. तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना निर्णय घेऊन तो नंतर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवता येतो. हे माहीत नसलेले कुलगुरू मी पाहिलेत.

पोलिसांबद्दल फार जपून. बंदोबस्त बाहेर असू द्या. आत बोलवायचे की नाही हे स्वतः ठरवा, कुणाच्या फोनवर ठरवू नका, आणि त्या दिवशी फोन खूप येतात. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रेसन कर्क 1953 पासून पदावर होते. 30 एप्रिल 1968 च्या पहाटे विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या इमारतींत पोलीस शिरले, 700 च्या आसपास अटका झाल्या, आणि ऑगस्टमध्ये कर्क पायउतार झाले. उलट तिथल्याच येल विद्यापीठाचे अध्यक्ष किंगमन ब्रूस्टर यांनी 1 मे 1970 ला हजारो निदर्शक शहरात येणार हे कळल्यावर वसतिगृहांची दारं उघडली, जेवणाची, झोपायची सोय केली. बाहेर नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, उभे होते. तो दिवस बराचसा शांततेत गेला आणि ब्रूस्टर 1977 पर्यंत पदावर राहिले. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण मुलं सुखरूप घरी गेली, मला तेच मोठं वाटतं.

आपल्याकडे बहुतेक मोर्चे राजकारणाआधी निकालातून सुरू होतात. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठानं सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं. निकाल राज्यपालांनी दिलेल्या 31 जुलैच्या मुदतीत लागले नाहीत, ऑगस्टमध्ये कुलगुरूंना रजेवर जावं लागलं आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी त्यांना पदावरून दूर केलं. म्हणून दर सोमवारी परीक्षा विभागात स्वतः जा. किती गठ्ठे तपासायचे राहिलेत हे अहवालात वाचू नका, कपाट उघडून बघा.

पुढाऱ्यांवर सरसकट गुन्हे नोंदवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. पोलिसांत नाव गेलं की पुढे पासपोर्ट आणि नोकरीच्या पडताळणीत ते त्या पोराला छळतं. काच फोडणारा आणि घोषणा देणारा यांत फरक करा.

आणि मोर्चा लांबला तर सहा वाजता बाहेर येऊन विचारा, शेवटची एसटी कुणाकुणाची आहे? तालुक्याहून आलेल्या मुली त्यात असतातच. गाडी चुकली असेल तर मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांना स्वतः फोन करा, खोली उघडून द्यायला सांगा आणि मेसमध्ये किती ताटं वाढवायची तेही कळवा.