नागपूरहून विमानाने माल पाठवायचाय? खोकं बांधण्याआधी हे करा

नागपूरजवळच्या वाडीतून ट्रकने माल पाठवताना वजन आणि पत्ता सांगितला की भागतं. विमानाच्या मालाचं तसं नाही. खोक्यात कोणकोणती वस्तू आहे, हेही कागदावर लागतं. म्हणून तपासणीची तयारी सोनेगावच्या विमानतळावर पोहोचल्यावर नव्हे, दुकानात किंवा घरी खोकं भरतानाच करायची.

आधी यादी लिहा, मग भरा. ‘गिफ्ट’, ‘घरगुती सामान’ असं मोघम लिहू नका. ‘संत्रा बर्फी, अर्ध्या किलोचे 20 डबे’ असं लिहा. बिल, पॅकिंग लिस्ट आणि एअर वे बिल (विमानाने जाणाऱ्या मालाची पावती) या तिन्हींवर तेच शब्द आणि तोच आकडा हवा.

आता यादीतून धोक्याच्या वस्तू शोधा. परफ्यूम, नेलपॉलिश, स्प्रेचे डबे, लायटर, रंग, थिनर यांना वेगळे नियम आहेत. न सांगता एकही टाकू नका. सगळ्यात जास्त चूक होते ती बॅटरीत. नियमाच्या लेखी पॉवर बँक म्हणजे सुटी, म्हणजे कुठल्या उपकरणात न बसवलेली, लिथियम बॅटरी. अशा सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला एप्रिल 2016पासून बंदी आहे. मालवाहू विमानातूनही त्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असून चालत नाहीत. ही कटकट वाटत असेल तर सप्टेंबर 2010 आठवा. दुबईहून निघालेल्या मालवाहू विमानाला आग लागली, मालात लिथियम बॅटऱ्या होत्या आणि दोन्ही वैमानिक गेले. गेल्या दिवाळीत बहिणीच्या खोक्यात भाच्यासाठी घेतलेली पॉवर बँक मी यादीत लिहिली नव्हती. खोकं परत आलं, तोवर बर्फी खराब झाली होती. बर्फीचं सोडा, पण ते खोकं तसंच चढलं असतं तर, हा विचार अजून जात नाही.

एजंट निवडताना सरळ विचारा: नागरी विमानन सुरक्षा ब्युरोची ‘रेग्युलेटेड एजंट’ (माल तपासून विमान कंपनीकडे सोपवणारा एजंट) म्हणून मान्यता आहे का? ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्यापारी असाल तर जीएसटी नोंदणी, हे सोबत ठेवा.

पॅकिंग मजबूत करा, पण उघडता येईल असं. एक्स-रेमध्ये आतलं नीट दिसलं नाही तर खोकं उघडून पाहतात. त्याच 2010 सालच्या ऑक्टोबरमध्ये येमेनहून निघालेल्या पार्सलांत, प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये लपवलेली स्फोटकं सापडली होती. त्यामुळे साध्या दिसणाऱ्या खोक्यावरही संशय घेतला जातो, आणि तो घ्यायलाच हवा. कुणी ओळखीचं ‘एवढी पुडी टाक ना’ म्हणालं, तर नाही म्हणा.

खोकं बांधल्यापासून एजंटच्या हाती देईपर्यंत नजरेआड करू नका. संत्र्यांसारखा नाशवंत माल असेल तर तपासणीचा वेळ धरूनच निघा.

माल दिल्यावर एअर वे बिलाची प्रत मागून घ्या. त्यावरचा 11 आकडी नंबर जपा. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात आणि माल कुठे पोहोचला ते त्याच नंबरवर कळतं.